पुठ्ठ्याचं घर

तिसऱ्या मजल्याची खिडकी नीट उघडेना, म्हणून पुठ्ठेबाईने ती पाचव्यांदा कापायला घेतली.

पुठ्ठेबाई हे नाव घरच्यांनी कौतुकाने ठेवलेलं. बारा वर्षं ती एका कारखान्यात औषधांची खोकी आखत होती. आता तिला शहरातल्या मोठ्या डिझाइन स्टुडिओत शिरायचं होतं. नुसत्या अर्जाला तिथे कुणी विचारत नाही, म्हणून तिने एकाच पुठ्ठ्याचं, डिंकाशिवाय उभं राहणारं चार मजली घर केलं होतं. एकेक खिडकी उघडली की आत तिचं एकेक काम दिसायचं. दारावरची नावाची पाटी मात्र अजून कोरी होती.

"नाव टाक आणि देऊन ये," नणंद म्हणाली. "तीन महिने झाले. ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवशील?"

"खिडकी अडकते गं."

"खिडकी नाही, तू अडकतेस."

नणंदही डिझाइनच शिकलेली आणि वर्षभर कामाविना घरी बसलेली. घराच्या निम्म्या घड्या तिने वहिनीच्या हाताखाली घातल्या होत्या. हल्ली तिच्या चौकशा फार वाढल्या होत्या. स्टुडिओत भेटायचं कुणाला? हे काम सुचलं कसं, ते कधी केलंस? पुठ्ठेबाई भाबडी, सगळं सांगून मोकळी व्हायची.

मंगळवारी ती कामावरून आली, कपाट उघडलं, तर घर जागेवर नव्हतं.

"आज कुठे गेली होतीस?" तिने जेवताना सहज विचारलं.

"दाताच्या डॉक्टरकडे," नणंद म्हणाली आणि घटाघटा पाणी प्यायली.

पुठ्ठेबाईच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या कागदवाल्याने तिची शंका खरी केली.

"काल तुमच्या नणंदबाई स्टुडिओच्या पायऱ्या चढताना दिसल्या. कडक इस्त्रीचे कपडे, हातात पुठ्ठ्याचं घर. काम लागलं वाटतं?"

"बघू," ती कसंबसं म्हणाली.

बारा वर्षं दुसऱ्यांच्या गोळ्यांना खोकी केली, आयुष्यात एक गोष्ट स्वतःची म्हणून केली, तर आयत्या बिळावर हा नागोबा. तोही घरचा. पोटच्या पोरीसारखं शिकवलं आणि पोरीने केसाने गळा कापला. कारखान्याच्या जिन्यात उभी राहून ती पोटभर रडली.

जाब विचारावा, तर नवऱ्याची ती एकुलती एक बहीण. घराचे दोन तुकडे व्हायचे. पण गप्प बसणंही तिच्याने होईना. तिने कारखान्यातल्या प्रिंटरवर चार ओळी छापल्या.

'तुमच्याकडे आलेल्या पुठ्ठ्याच्या घरावर जिचं नाव आहे, तिने ते केलेलं नाही. ती दुसऱ्याची मेहनत आहे. त्या बाईला मी चांगली ओळखते. तिला उंबऱ्याशीही उभं करू नका.'

सही न करताच तिने ते स्टुडिओच्या पत्त्यावर पाठवलं. घरची अब्रू घरातच राहिलेली बरी.

आठवड्याने स्टुडिओचं पाकीट आलं. नणंद ते घेऊन धावतच स्वयंपाकघरात आली.

"वहिनी, आधी हे फोड. ओरडायचं ते मग ओरड."

पुठ्ठेबाईने हात पुसले आणि पत्र उघडलं. नणंद तिच्या खांद्यावरून मोठ्याने वाचू लागली.

"'आपलं घर आम्हाला मनापासून आवडलं होतं. सोमवारपासून रुजू व्हा, असं कळवणारही होतो. मात्र आपल्याला चांगलं ओळखणाऱ्या व्यक्तीने हे काम आपलं नसल्याचं लिहिलं आहे. अशा माणसाला आम्ही घेऊ शकत नाही. यापुढेही अर्ज करू नये.'"

नणंदेने पत्राच्या मायन्यातलं वहिनीचं नाव पुन्हा एकदा वाचलं.

"तू कधीच नेलं नसतंस गं, म्हणून तुझं नाव टाकून मीच देऊन आले," ती रडत म्हणाली. "वहिनी, तुझ्या वाईटावर इतकं कोण टपलंय?"