पहिला अर्ज

“नाव सांगा,” हर्षल म्हणाला. “हे कलम नक्की कोणासाठी घातलंत?”

गंगापूर रोडवरच्या हॉलमध्ये ओझरच्या विमानतळावरचे चाळीस-एक पायलट जमले होते. समोर एकटे संघटनेचे अध्यक्ष, कॅप्टन गोरक्ष शेवाळे. विमान कंपनीशी पाच वर्षांच्या कराराची बोलणी त्यांनीच केली आणि कुणालाही न विचारता निम्मी पगारवाढ सोडून दिली. बदल्यात मिळालं काय, तर एक कलम: मेडिकल तपासणीत कायमच्या बाद ठरलेल्या पायलटला निवृत्तीपर्यंत पूर्ण पगार. करारावर सही तेवढी बाकी होती.

“नाव सांगणार नाही. शब्द दिलाय.”

“पगार आमचा, करार आमचा. आम्हाला विचारायचं होतंत!”

“विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.”

झालं, हॉल पेटला. शेवाळेंचं वय अठ्ठावन्न. नाकावर नवा जाड चष्मा, हातातला चहा बशीत हिंदकळतोय. कलम कोणासाठी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

“स्वतःची सोय लावलीत तुम्ही!” हर्षल ओरडला.

शेवाळेंनी चहाचा घोट घेतला. त्याचा हर्षलला जास्तच संताप आला.

शेजारून सृष्टीने त्याची बाही ओढली. त्याची बायको, तीही पायलट. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन म्हणून महिनाभर रजा घेऊन ती पिंपळगावला माहेरी होती. सकाळी हर्षल तिला घेऊन आला. एरवी ती स्टिअरिंग सोडायची नाही, आज मुकाट बाजूला बसली होती. दमली असेल, असं त्याला वाटलं.

“राहू दे ना ते कलम,” ती हळूच म्हणाली.

“महिनाभर घरी बसलीस, तुला काय कळतंय यातलं? गप बस.”

तिने त्याची बाही सोडली.

शेवाळेंना हटवून हर्षलला अध्यक्ष करायचं का, यावर हात वर करून मतदान झालं. हर्षलच्या बाजूने तेहतीस हात वर गेले. सृष्टीचा मांडीवरच राहिला. शेवाळे गेले, हर्षल अध्यक्ष झाला.

शेवाळेंनी खिशातून एक बंद लिफाफा काढला. “या कलमाखालचा पहिला अर्ज. आता तो अध्यक्षाकडे द्यायला हवा. आधी हा वाच, मग काय ते कर.”

“तुमचा अर्ज निवांत वाचतो,” हर्षल म्हणाला आणि सगळ्यांसमोर कंपनीला फोन लावला. कलम काढा, पूर्ण पगारवाढ द्या. कंपनी जणू वाटच बघत होती. दहा मिनिटांत नवा करार मोबाइलवर आला आणि हर्षलने तिथल्या तिथे सही केली. आता पाच वर्षं त्यातला काना-मात्रा हलणार नव्हता.

टाळ्या वाजल्या. शेवाळेंनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हाताऱ्याची सर्वांदेखत जिरवायची हर्षलला भारी हौस आली. त्याने लिफाफा टरकावला.

“ऐका रे सगळे,” म्हणत तो मोठ्याने वाचू लागला. “आजार, मिरगी. उड्डाणास कायम अपात्र. अर्जदार, कॅप्टन सृष्टी हर्षल बोरस्ते.”