मुहूर्ताचा पीस
सातपूरच्या कारखान्यात खंडेनवमीला सगळ्या मशिनांना हार घातले होते. फक्त पत्रा कापणाऱ्या एका प्रेसची पूजा राहिली होती. चार महिन्यांपूर्वी त्याच प्रेसखाली हिरामणची दोन बोटं गेली होती. त्यानंतर आज तो पहिल्यांदाच कामावर आला होता. "तू राहू दे, मी करतो," शेजारचा सुनील म्हणाला. "नको. मशीन माझं हाय." मेन स्विच बंद असल्याचं हिरामणनं तीनदा पाहिलं. तरी डायच्या साच्याजवळ हात जपूनच नेला. कुंकू लावायला सवयीनं अनामिका पुढे झाली. तिचं उरलेलं पेर थंड लोखंडाला टेकलं. हात झटकन मागे आला. मग अंगठ्यानं टिळा लावला. "मेन चालू कर. मुहूर्ताचा पीस मीच काढतो." पत्रा ठेवून त्यानं डोळे मिटले, पॅडल दाबलं. धाडकन आवाज झाला. पीस उचलायच्या आधी बोटं मोजली. आठच्या आठ होती.