काचेपलीकडून

‘रुपा, जागची हलू नको.’

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात एकेक अक्षर उमटलं. रुपाला हसू आलं. गुडीहत्नूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसणाऱ्या राहीबाईंचं चातुर्मासात दुपारपर्यंत मौन असे. दोघींच्या खोल्यांमध्ये जमिनीपर्यंतची काच होती. तरी बाई बोलायच्या त्या ऑफिसच्या सर्व्हरवरच्या गप्पांच्या जुन्या प्रोग्रामवरून. त्यांनी रुपाचं नाव टाकलं की तिच्या कॉम्प्युटरवर घंटी वाजे. रुपाने होकार दिला की पडदा दोन भागांत वाटला जाई. वर रुपाचं लिहिणं, खाली बाईंचं.

‘काऊन? चहा पाठवू का मौनीबाईले?’

‘माह्या पायापाशी नाग हाय.’

रुपाची बोटं थिजली. तिने काचेतून पाहिलं. राहीबाई ताठ बसल्या होत्या. कुंकू घामाने नाकापर्यंत ओघळलेलं. डोळे रुपावर खिळलेले.

‘थांबा, मी येतो.’

‘बिलकूल नको! खालच्या फळ्या दोघींच्या एकच हायेत. तुहा पाय हलला का इथं हादरा बसते. गेटवर सुधाकररावले घंटी देल्ली. ते धरतेत साप. तू फक्त बोल माह्यासंग.’

‘काय बोलू बाई?’

‘सकाळी काय रांधलं?’

रुपा लिहू लागली. ज्वारीची भाकर. अंबाडीची भाजी. अक्षरं चुकत होती, पुसून पुन्हा लिहीत होती. पायांना मुंग्या आल्या.  तरी तिने पाऊल हलवलं नाही. आपला पाय हलला तर बाई गेल्या.

‘नवरा जेवला का? मीठ बरोबर होतं?’

‘बाई, तुमाले भेव नाही लागून राह्यलं?’

खाली अक्षरं उमटली.

‘लागते. लय लागते. तू लिही.’

दार हळूच उघडलं. सुधाकरराव अनवाणी आत आले. हातात आकडा लावलेली काठी होती.

“इकडं काऊन येता भाऊ? तिकडं जा, बाईपाशी!” रुपा कुजबुजली.

 ते वाकले, आणि रुपाच्याच खुर्चीखालून त्यांनी नाग उचलला.

काचेपलीकडे राहीबाईंनी डोळे मिटून स्वतःच्या दोन्ही गालांवर हळूच मारून घेतलं. चातुर्मासात खोटं न बोलण्याचा त्यांचा नेम मोडला होता.