फाटकाशी थांबलेली गाडी

दुधाची गाडी आज फाटकाशीच उभी पाहून आप्पा चक्रावले. सगळ्या वसाहतीला चालतं ठेवणारी ती गाडी, येणाऱ्याचे ठोके लांबूनच मोजून त्याच्या हृदयाला झेपेल तेवढी दूर जाऊन थांबायची. जोडीनं आलं, तर दोघांतलं नाजूक हृदय बघायची. आप्पांना नि यमुताईंना तिनं चार वर्षं रोज पार बागेपलीकडे चालवलं होतं.

"बिघडली मेली," यमुताई म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारचे दाणी खाली उतरले, तशी गाडी तुरुतुरु बागेकडे पळाली.

"अहो, मग आपल्यातल्या कुणासाठी थांबली होती?"

एकेकट्यानं चालून पाहिलं की उलगडा होणार होता. यमुताईंनी पाऊल उचललंही. आप्पांनी घाईनं त्यांच्या पिशवीचा दुसरा बंद धरला.

"थांब. बरोबरच जाऊ."