लेखनिकाची खुर्ची

सहाय्य कक्षाच्या दारात ती दोन्ही हातांत चहाचे पेले घेऊन थांबली. तिच्या खुर्चीवर गोगलगाय बसली होती.

गोगलगाय म्हणजे पहिल्या वर्षाची मुलगी. वसतिगृहात सर्वांत शेवटी जेवायला बसे आणि सर्वांत शेवटी उठे, म्हणून हे नाव. दारातल्या मुलीचे अक्षर छापल्यासारखे येई, म्हणून तिला सगळ्या छापखाना म्हणत. दृष्टिहीन ताईने तोंडी उत्तर सांगायचे आणि छापखान्याने ते उत्तरपत्रिकेत उतरवायचे, असे आजवरच्या प्रत्येक परीक्षेत चालत आले होते. उद्या इतिहासाचा शेवटचा पेपर होता. त्यासाठी लेखनिक म्हणून ताईने गोगलगायीचे नाव दिल्याचे छापखान्याला सकाळी भोजनगृहात कळले, तेही भलत्याच मुलीच्या तोंडून.

“साम्राज्य मोडलं,” ताई सांगत होती. “पूर्णविराम.”

गोगलगाय लिहीत होती. हातातून निसटून पळेल की काय, अशा भीतीने तिने पेन आवळून धरले होते. ओळी उजवीकडे जाता जाता वर सरकत होत्या.

“तपासणाऱ्याला शिडी लागेल, ताई,” छापखाना दारातूनच म्हणाली. “हिच्या ओळी माळ्यावर चढताहेत.”

गोगलगाय कानापर्यंत लाल झाली. ताईला हसू आले.

“चढू देत. पडत नाहीत ना?”

“आत ये, नाहीतर दार लाव,” कपाटाशी ब्रेलची पुस्तके लावत असलेल्या कक्षाच्या बाई म्हणाल्या. “कागद उडताहेत.”

ती आत आली. एक पेला तिने ताईच्या उजव्या हाताशी, नेहमीच्या जागी ठेवला. गोगलगायीची नजर दुसऱ्या पेल्याकडे गेली.

“तो माझा आहे,” छापखाना म्हणाली. मग बाईंकडे वळून, जमेल तितक्या सहज आवाजात तिने विचारले, “बाई, लेखनिक अजून बदलता येतो?”

“कार्यालय बंद होईपर्यंत येतो. पण ते ताईनं सांगायला हवं.”

“मग सांग ना, ताई.” सहजपणा तिथेच संपला. “माझं काय चुकलं ते तरी सांग. हिचा अर्धा पेपर होईल आणि घंटा वाजेल. नुकसान तुझंच आहे.”

“होईल थोडं.”

“मग कशाला हा हट्ट? काय जादू केलीये हिनं? गोड गोड बोलते म्हणून?”

“ती बोलतच नाही,” ताई म्हणाली. “म्हणून.”

ताईने पेला चाचपला, पण उचलला नाही.

“मागच्या परीक्षेनंतर सरांनी माझं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. ‘साम्राज्यं बुडाली, पण त्यांनी बांधलेल्या रस्त्यांवरून माणसं चालतच राहिली.’ सगळ्यांनी बाकं वाजवली. मी उभी राहिले. हसलेसुद्धा. ते वाक्य मी तुला सांगितलंच नव्हतं.”

गोगलगायीने पेन खाली ठेवले. कपाटापाशी बाईंच्या हातातले पुस्तक हातातच राहिले.

“एवढंच ना?” छापखाना म्हणाली. “तुझ्या मनात तेच होतं. मी फक्त नीट लिहिलं.”

“असं किती वेळा?”

छापखान्याने आपला पेला टेबलावर ठेवला.

“तुला चांगले गुण मिळावेत म्हणूनच केलं ना?” ती अखेर म्हणाली. “दुसऱ्या कुणासाठी केलं असतं मी?”

“नसतं केलंस. माहितेय मला.” ताईचा आवाज मऊ झाला, आणि तेच छापखान्याला अधिक लागले. “मग एक सांग. त्या ठिकाणी मी काय सांगितलं होतं?”

छापखान्याने तोंड उघडले. आपले वाक्य तिला स्वल्पविरामासकट आठवत होते. ते सुचले तेव्हा झालेला आनंदही आठवत होता. त्याच्या आधी ताईचे ओठ हलले होते, हेही आठवले; पण त्या ओठांतून काय आले होते, ते काही केल्या आठवेना.

“नाही ना आठवत?” ताई म्हणाली. “मलाही नाही. आता मला तुझंच आठवतं.”

मग बाईंनी हातातले पुस्तक कपाटात ठेवले.

“बाहेर बाकावर बस जरा,” त्या छापखान्याला हळूच म्हणाल्या. “यांचा सराव राहिलाय. तुझ्याशी मग बोलते.”

आपला पेला उचलून ती बाहेर आली. दार तिने मुद्दामच पुरते लावले नाही. आत ताईने पुन्हा सांगायला सुरुवात केली.

“व्यापार थांबला. स्वल्पविराम. पण गावं… गावं…”

ताई अडली. अशी अडली की ती नखाने टेबलावर टकटक करी. ती टकटक आता बाकापर्यंत ऐकू येत होती. छापखान्याला शब्द कधीच सापडला होता. तग धरून. गावं तग धरून राहिली. तिचे ओठ हलले. ती दाराच्या फटीकडे झुकली. गोगलगायीने तरी सुचवावे, म्हणजे तिचीही लबाडी उघडी पडेल, असेही तिच्या मनात येऊन गेले.

गोगलगाय थांबून राहिली होती. टकटक लांबली. मग थांबली.

“गावं चुकतमाकत उभी राहिली,” ताई म्हणाली.

“असंच लिहू?”

“असंच.”

पेन कागदावर खरखरत निघाले, सावकाश, जणू शब्दाला हात धरून पलीकडे नेत असावे. बाहेर, साय धरलेला चहा मांडीवर तसाच ठेवून छापखान्याने जिभेवरचा आपला शब्द गिळला. तो जास्त चांगला होता.