रोगी पुंजाजी

मूर्तिजापूर स्टेशनावरच्या शेषरावांना गार्ड व्हायचे होते, पण त्यासाठी प्रथमोपचाराची परीक्षा पास होणे भाग होते. मनकर्णाबाई चुलीपाशी बसून नवऱ्याला प्रश्न विचारी आणि प्रत्येक प्रश्नात रोगी म्हणून शेजारच्या पुंजाजीचेच नाव घेई. महिनाभरात बिचारा पुंजाजी विहिरीत बुडाला, विस्तवात भाजला, झाडावरूनही पडला.

त्या सकाळी ती अंगणातून किंचाळली, "अवो, पुंजाजीले साप चावला!"

शेषरावांनी डोळे मिटले. "दंशाच्या वर पट्टी बांधावी. रोग्याला धीर द्यावा. त्याला मुळीच चालू देऊ नये." एकही शब्द चुकला नाही, म्हणून ते स्वतःवरच खूश झाले. "हं, पुढचा प्रश्न?"



"पुढचा मी इचारतो, शेषराव," दाराला धरून उभा असलेला पुंजाजी कण्हला. "दवाखान्यात न्याले बैलबंडी कोन जुपते?"