आपण लग्न करावं

वाक्य पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, पानाच्या समासात. एरवी त्या जागी 'शब्द ओठांवर बसत नाहीत' किंवा 'दोन अक्षरं कमी करावीत' एवढंच असायचं. आज होतं, 'आपण लग्न करावं, असं फार दिवस वाटतं. राग आल्यास पान फाडून टाकावं.'

संवादलेखिकेनं ते पाचव्यांदा वाचलं आणि तिच्या डोक्याचा पार भुगा झाला.

अक्षर ध्वनिमुद्रकाचंच होतं. नऊ वर्षं तो काचेपलीकडे बसून आवाज टिपत होता आणि काचेअलीकडे ती परक्या सिनेमांना आपल्या भाषेत बोलायला लावत होती. खरं सांगायचं तर नऊ वर्षं ती त्याच्या तोंडून काहीतरी निघण्याची वाट बघत होती. पण माणूस इतका आदबशीर की स्टुडिओतल्या मांजरालाही 'आपण जरा सरकता का' म्हणायचा. घोळ तिथेच होता. 'आपण' म्हणजे आपण दोघं, की 'आपण' म्हणजे तुम्ही?

त्यात दोष तिचाच. सध्या हातात दोन सिनेमे होते आणि दोन्हींत हेच वाक्य तिनं घातलं होतं. जुन्या प्रेमकथेतला नायक नायिकेला निरोप देताना म्हणतो, 'आपण लग्न करावं.' म्हणजे त्या दुसऱ्या भल्या माणसाशी. मग स्वतः जन्मभर झुरतो. नव्या विनोदी सिनेमातला नायक बंद पडलेल्या लिफ्टमध्ये, तोंडात सँडविच कोंबलेलं असताना तेच म्हणतो, म्हणजे तू आणि मी, जमलं तर आजच. एकच वाक्य दोन ठिकाणी खपवलं म्हणून ती स्वतःवर खूश होती. आता ते तिच्याच अंगाशी आलं होतं.

पान जुन्या सिनेमाच्या गठ्ठ्यातलं होतं, नायिकेच्या मावशीच्या संवादांचं. या मावशीला आवाज नेहमीप्रमाणे लेखिकेची आईच देणार होती. संध्याकाळी गठ्ठा तिच्या हातात ठेवताना ध्वनिमुद्रक म्हणाला होता, घरी सावकाश वाचावं. तिनं ते पान काढून पिशवीत दडवलं, त्या जागी नवी प्रत लावली आणि गठ्ठा आईला दिला.

जेवताना न राहवून तिनं आईला विचारलं, दोघांतला खरा प्रेमी कोण, जुना की नवा? आईनं दोन्ही सिनेमे पाहिले होते. पंधरा वर्षं एकटीनं काढलेली बाई. ती जुन्याचीच बाजू घेईल, असं लेखिकेला वाटलं.

"जुना गप्प बसतो आणि लोक त्याला थोर म्हणतात," आई म्हणाली. "नवा येडपट आहे, पण विचारतो तरी. बाईला विचारावं गं कुणीतरी."

लेखिकेला हे पटलं. तरी जीव काही थाऱ्यावर येईना. याचा स्वभाव बघावा तर पक्का जुना, आणि लिहिलेलं बघावं तर नव्यासारखं. तिला दुसरीकडे ढकलण्यासाठी तर त्यानं हे लिहिलं नसेल? तसं असेल तर नऊ वर्षं मातीत गेली. शेवटी तिनं ठरवलं, उगाच मनात मांडे खाण्यापेक्षा सरळ विचारावं.

सकाळी बाकीचे यायच्या आत ती स्टुडिओत पोचली. तो उठून उभा राहिला. रोजच्यासारखं आईंचा खोकला कसा आहे ते विचारून झालं. ही चौकशी ती नेहमी त्याच्या गुणांत धरत आली होती. मग तिनं पान त्याच्यापुढे ठेवलं. छाती इतकी धडधडत होती की माइक चालू असता तर रेकॉर्ड झाली असती.

"राग आला नाही," ती म्हणाली. "फक्त एक कळलं नाही. यातलं 'आपण' म्हणजे नेमकं कोण?"

त्याचे कान लाल झाले. त्यानं पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"आम्ही दोघं," तो म्हणाला. "पान आईंपर्यंत पोचलं नाही का?"